‘मेट्रो एक्सोडस’: थांबणाऱ्याला अधिक देणारा गेम

‘मेट्रो एक्सोडस’ हा गेम मी दोनदा पूर्ण केला. पहिल्या वेळी १४ तास लागले, दुसऱ्या वेळी ३१. गोष्ट तीच होती, नकाशे आणि शत्रूही तेच होते. पहिल्या वेळी मी पुढचा टप्पा गाठण्याच्या घाईत होतो आणि दुसऱ्या वेळी जिथे पोहोचलो तिथे रेंगाळलो, एवढाच काय तो फरक. तरीही दोन्ही वेळा शेवट वेगळा झाला, आणि पहिल्या वेळी जे सोबती वाटेत गमावले होते ते दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत बरोबर राहिले. हे परीक्षण मी दुसऱ्या वेळेनंतर लिहीत आहे. पहिल्या वेळेनंतर लिहिले असते तर ‘बंदुकीचा एक चांगला गेम, दृश्ये उत्तम’ एवढे म्हणून मोकळा झालो असतो, आणि तो या कलाकृतीवर अन्याय ठरला असता.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबऱ्यांतील जगावर बेतलेला पहिला गेम २०१० साली आला, दुसरा २०१३ साली आणि हा तिसरा १५ फेब्रुवारी २०१९ रोजी. या जगात २०१३ साली अणुयुद्ध झालेले आहे आणि मॉस्कोतील जे थोडे लोक वाचले ते वीस वर्षांहून अधिक काळ भुयारी रेल्वेच्या स्थानकांत राहत आहेत. ही कल्पना हवेतली नाही. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ साली सुरू झाली, तिची अनेक स्थानके जमिनीत फार खोल आहेत आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या वेळी शहरातील लोकांनी त्यांत खरोखरच आसरा घेतला होता. गेम तयार करणारी ‘फोर-ए गेम्स’ ही संस्था २००६ साली युक्रेनची राजधानी कीव्ह येथे सुरू झाली. २०१४ साली तिचे मुख्य कार्यालय माल्टाला गेले, तरी कीव्हमधील काम चालूच राहिले. म्हणजे रशियन लेखकाची गोष्ट युक्रेनी कलावंतांनी पडद्यावर आणली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कीव्हचे रहिवासी आपल्या शहरातील भुयारी स्थानकांत अंथरुणे टाकून रात्री काढू लागले. ग्लुखोव्स्की यांनी त्या युद्धाचा उघड निषेध केला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोतील न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना आठ वर्षांची शिक्षा सुनावली. हे सारे गेम बाजारात आल्यानंतरचे आहे. पण आज तो खेळायला बसलेल्या माणसाला हे मनाबाहेर ठेवता येणार नाही, आणि ठेवूही नये असे मला वाटते.

आधीचे दोन गेम बहुतांशी भुयारातच घडतात. ‘एक्सोडस’ची सुरुवातही तिथेच होते. नायक आर्त्योम गॅस मास्क लावून पुन्हा पुन्हा बर्फाखाली गेलेल्या मॉस्कोत वर जातो, उंच इमारतींवर चढून रेडिओ लावतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून एखादा आवाज येईल म्हणून कान देऊन बसतो. त्याचे वरिष्ठ अधिकारी कर्नल मिलर, जे त्याचे सासरेही आहेत, याला वेड समजतात. पत्नी आना त्याच्याबरोबर जाते, पण तिचाही विश्वास डळमळीत झालेला आहे. मग एके दिवशी त्यांना रुळांवरून धावणारी आगगाडी दिसते. जग संपले असे ज्यांना वीस वर्षे सांगितले गेले त्यांच्या समोरून गाडी धूर सोडत निघून जाते, तो क्षण या गेममध्ये फार संयमाने रचलेला आहे. त्यानंतर काय होते ते सांगत नाही. इतकेच सांगतो की थोड्याच वेळात हे सगळे एका वाफेच्या इंजिनावर स्वार होऊन पूर्वेकडे निघतात. त्या गाडीला ते ‘अरोरा’ असे नाव देतात.

या गेमचे घर म्हणजे ही गाडी. मी गोव्यातल्या डिचोलीत राहतो. आमच्याकडे रेल्वे नाही, गाडी धरायची तर थिवीला जावे लागते. तरी माझ्या लहानपणीच्या सर्वांत पक्क्या आठवणी कुळे ते कॅसलरॉक या घाटातल्या आहेत. कुळ्याला गाडी थांबायची, चढासाठी मागून जादा इंजिने जोडली जायची, तोवर माणसे खाली उतरून चहा घ्यायची, आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाचे अर्धे आयुष्य आम्हाला कळलेले असायचे. ‘अरोरा’च्या डब्यांत मला तोच थांबा पुन्हा भेटला. दोन मोठ्या टप्प्यांमध्ये गाडी दिवसेंदिवस धावत असते आणि त्या वेळी तुमच्या हाती कोणतीही लढाई नसते. तुम्ही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचे. शस्त्रांची देखभाल करणारा तोकारेव्ह आपल्या टेबलाशी खटपट करत असतो, येरमाक इंजिनाशी बोलत असतो, कर्नल नकाशे पसरून बसलेले असतात, अमेरिकी सॅम आपल्या गावाच्या आठवणी काढतो, कझाक दमीर आपल्या मुलखाविषयी सांगतो. रेडिओची खुंटी फिरवत बसले तर खरखरीतून मधूनच एखादा दूरचा आवाज सापडतो. आनाच्या शेजारी बसले तर ती बराच वेळ बोलत राहते: पुढे घर कुठे करायचे, वडिलांशी कसे जुळवून घ्यायचे, असे साधेच काहीतरी. कुणी काही मागत नाही, गुण मिळत नाहीत, उलटा मोजणारा काटा नाही. पुढच्या टप्प्याकडे नेणाऱ्या दारातून तुम्ही जाल तेव्हाच गाडी पुढच्या ठिकाणी पोहोचते.

पहिल्या वेळी मी थेट त्या दाराकडे गेलो होतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक डब्यात, प्रत्येक माणसापाशी, त्याचे बोलणे संपेपर्यंत उभा राहिलो, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की हा गेम वर्षभराच्या प्रवासाची गोष्ट आहे. मॉस्कोतला हिवाळा, व्होल्गाकाठचा बर्फ वितळण्याचा वसंत, कॅस्पियनचा रखरखीत उन्हाळा, तैगाच्या जंगलातली पानगळ आणि पुन्हा बर्फ, हा ऋतूंचा फेरा माणसांच्या बोलण्यातूनही फिरत जातो. ओळखी घट्ट होतात, एक लग्न लागते, एक लहान मूल डब्यात खेळू लागते, आणि आनाचा खोकला, जो आधी सहज कानांवरून जातो, प्रत्येक मुक्कामागणिक थोडा अधिक ऐकू येऊ लागतो. हा खोकला कथाकारांनी ज्या हलक्या हाताने पेरला आहे त्याला दाद द्यायला हवी. घाईत खेळणाऱ्याला तो एकदम शेवटी कळतो आणि त्याला वाटते की कथेने अचानक वळण घेतले.

व्होल्गाचा टप्पा हा पहिला मोठा मोकळा प्रदेश. पुराच्या पाण्यात अर्धे बुडालेले एक चर्च आहे आणि त्यात राहणारा पंथ विजेला पाप मानतो. दिवा, रेडिओ, इंजिन हे सारे त्यांच्या लेखी जग बुडवणाऱ्या सैतानाचे काम. त्यांचा धर्मगुरू सिलांतियस नदीतल्या एका महाकाय माशाची पूजा करायला लावतो. मासा शिंगाळ्याच्या जातीचा आहे, पण होडी उलटवील एवढा मोठा. तुम्ही वल्ही मारत त्या पाण्यातून जाता तेव्हा तो होडीजवळून सरकतो आणि पाणी फुगते, त्या वेळी हातातली बंदूक किती निरुपयोगी आहे हे फार स्पष्टपणे कळते. याच टप्प्यावर कात्या आणि तिची लहान मुलगी नास्त्या भेटतात. नास्त्याचा टेडी एका उडत्या श्वापदाने पळवून आपल्या घरट्यात नेलेला असतो. तो आणून देण्याची कुणी सक्ती करत नाही. गाडीतला एक सोबती स्तेपान सहज बोलता बोलता म्हणतो की एखादी गिटार मिळाली असती तर बरे झाले असते; तीही त्या प्रदेशात एका ठिकाणी आहे, आणि तिची सक्तीही नाही. मी पहिल्या वेळी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. दुसऱ्या वेळी गिटार आणली, आणि पुढच्या प्रवासात डब्यात शिरलो तेव्हा स्तेपान ती वाजवत होता. गोळ्या झाडण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळप्रकारात मी पाच मिनिटे हालचाल न करता गिटार ऐकत बसलो, हा अनुभव मला याआधी कुठल्याही गेमने दिला नव्हता.

आता प्रत्यक्ष खेळण्याविषयी. मी ‘हार्डकोर’ ही अवघड पातळी निवडली, आणि तीच निवडावी असे माझे मत आहे, कारण टंचाई जाणवल्याशिवाय या जगाचा अर्थ लागत नाही. आधीच्या दोन गेममध्ये चांगल्या प्रतीची काडतुसे हेच चलन होते. इथे चलन नाही, दुकाने नाहीत, जे आहे ते मोडक्या घरांतून वेचायचे. वेचलेले दोनच प्रकारचे असते, धातूचे सुटे भाग आणि रसायने, आणि सगळे त्यातूनच बनवावे लागते. औषधाची पेटी हवी की मास्कचा फिल्टर हवा, हा प्रश्न दर थोड्या वेळाने समोर येतो आणि त्याचे उत्तर कधीच सोपे नसते. पाठीवरच्या पिशवीतून फिल्टर, औषध आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या ‘तिखार’ बंदुकीचे पोलादी छर्रे बनवता येतात. खरी काडतुसे मात्र कामाचे टेबल सापडेल तेव्हाच. म्हणून मी ‘तिखार’वरच अधिक विसंबलो. तिला हाताने पंप मारून दाब भरावा लागतो, दाब पुरेसा असेल तर छर्रा जवळजवळ आवाज न करता जातो, आणि दाब उतरला असेल तर ऐन वेळी फजिती होते. शस्त्रात चिखल आणि धूळ बसली की ते अडकते. टेबलापाशी नेऊन साफ करावे लागते. बंदुकीची नळी, दस्ता, दुर्बीण हे भाग मात्र कुठेही गुडघ्यावर बसून बदलता येतात, आणि मारलेल्या शत्रूच्या बंदुकीतला बरा भाग काढून आपल्या बंदुकीला लावता येतो. ही सोय इतकी नैसर्गिक आहे की नंतर दुसऱ्या गेममध्ये तिची उणीव भासते.

सर्वांत अधिक जवळीक मात्र मला गॅस मास्कशी वाटली. पडद्यावर आकडे नाहीत. फिल्टर किती मिनिटे पुरेल हे मनगटावरच्या घड्याळात पाहायचे. श्वास जड होऊ लागला, काचेवर आतून वाफ धरू लागली, की समजायचे. पाऊस, चिखल, रक्त काचेवर उडते आणि ते हातानेच पुसावे लागते. जुलैच्या पावसात स्कूटरवरून साखळीला जाणाऱ्या माणसाला हेल्मेटची काच पुसण्याची ती हालचाल शिकवावी लागत नाही. काचेला तडा गेला तर पट्टी चिकटवून तो बुजवायचा आणि पुढे चालायचे. टॉर्च मंद झाली की हातात धरायचा चार्जर दाबून ती पुन्हा भरायची. नकाशा कागदाचा, फळीवर लावलेला. तो हातात घेतला म्हणून जग थांबत नाही, आणि तुम्ही वाट शोधत असताना मागून काहीतरी चालून येऊ शकते. ‘रेंजर’ पातळीवर तर पडद्यावर उरलीसुरली माहितीही दिसत नाही. या सगळ्या लहान लहान कामांमुळे आर्त्योमचे शरीर आपले होते. कथेत तो काही बोलत नाही, पण त्याचे हात सतत काम करत असतात, आणि ते हात आपले वाटू लागतात.

या गेममध्ये तुमच्या वागण्याचा हिशेब ठेवला जातो, परंतु तो दाखवला जात नाही. शरण आलेल्या माणसाला मारले का, गुलामांना सोडवले का, जे फक्त भोळे किंवा फसवलेले आहेत त्यांच्यावर शस्त्र उचलले का, हे सारे कुठेतरी लिहिले जाते. लढाईत साथीदार पडू लागले की उरलेले शत्रू शस्त्र टाकून हात वर करतात. त्यांना बेशुद्ध करून सोडता येते. प्रत्येक माणसाच्या मागून जाताना तुमच्यापुढे दोन पर्याय असतात, मारणे किंवा बेशुद्ध करणे, आणि दोन्हींना तेवढाच वेळ लागतो. दिवे विझवत, बल्ब काढत, अंधार करत पुढे सरकण्याची मोकळीक जवळजवळ सगळीकडे आहे. पहिल्या वेळी चर्चच्या पहारेकऱ्यांवर मी विचार न करता गोळ्या झाडल्या, कारण ते समोर आले आणि माझ्या हातात बंदूक होती. त्या रात्रीची किंमत माझ्या एका सोबत्याने चुकवली. गेमने ते मला तिथल्या तिथे सांगितले नाही, ठपकाही ठेवला नाही. थोड्या वेळाने तो माणूस गाडीत नव्हता, एवढेच. शेवटच्या टप्प्यात आर्त्योमला आपल्या माणसांची गरज पडते तेव्हा किती जण उरले आहेत यावर सारे ठरते, आणि ते गणित मला पूर्णपणे न्याय्य वाटले.

कॅस्पियनचा टप्पा आमच्या घरात दोघांनी पाहिला. माझा थोरला भाऊ खाणीवर ट्रक चालवत असे. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. दादाचा ट्रक अंगणात उभा राहिला तो तिथेच गंजला. दादाला गेमची आवड नाही, पण त्या रात्री तो पाणी प्यायला म्हणून आला आणि उभ्या उभ्या पाहत राहिला. पडद्यावर आटलेला समुद्र होता, वाळूत कलंडलेली गंजकी जहाजे होती, आणि क्षितिजापर्यंत तांबूस धूळ.

“ही जहाजं मांडवीत उभ्या राहिलेल्या बार्जींसारखी दिसतात रे,” तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. “थांब, त्या गाडीजवळ ने बघू. बघितलंस? उभी गाडी पहिली टायरांनी मरते. चाकं कशी रुतलीत ती बघ, बरोबर केलंय त्यांनी.”

त्यानंतर तो दोन तास उठला नाही. मी त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक गंजलेल्या यंत्रापाशी थांबलो, आणि कलावंतांनी किती निरखून काम केले आहे हे मला त्याच्या डोळ्यांनी दिसले: गंज सगळीकडे सारखा नाही, वाऱ्याच्या बाजूला पत्रा खाल्लेला आहे आणि आडोशाच्या बाजूला जुना रंग अजून टिकून आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन कशी दिसते हे गोव्यातल्या माणसाला ठाऊक असते. सांगे तालुक्यातले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की घरांची जोती वर येतात आणि तिथले मूळ रहिवासी सोमेश्वराच्या उत्सवाला एकत्र जमतात. आर्त्योम त्या समुद्रतळावरून चालत असताना मला सारखी कुर्डीची ती भेगाळलेली माती आठवत होती. प्रत्यक्षातल्या कॅस्पियन समुद्राची पातळीही १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घसरत आहे, त्यामुळे या टप्प्यातील कल्पना तशी फार दूरची नाही.

कॅस्पियनमध्ये एक जुनी मोटार चालवायला मिळते, तेलावर कब्जा करून बसलेला ‘बॅरन’ आणि त्याचे गुलाम आहेत, आणि जुन्या दीपगृहात राहून त्यांच्याविरुद्ध लढणारी गुल नावाची स्त्री आहे, जी या गेममधील सर्वांत ठाम व्यक्तिरेखांपैकी एक आहे. याच भागात जमिनीखालचे एक केंद्र आहे, जिथे प्रचंड कोळी अंधारात वावरतात आणि उजेडाने भाजतात. तिथे गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. टॉर्च रोखून धरायची, ती मंद होऊ लागली की चार्जर दाबायचा, आणि पायाखालचा आवाज ऐकत एकेक पाऊल टाकायचे. पळणारा मरतो. मी तिथे तीनदा मेलो, तिन्ही वेळा पळाल्यामुळे.

उरल पर्वतरांगेतील यामानताऊचा टप्पा त्यामानाने छोटा आणि सरळ रेषेत जाणारा आहे. त्यातील रहस्य अर्ध्या वाटेतच लक्षात येते. तैगाच्या जंगलात मात्र गेम पुन्हा उंची गाठतो. तिथे तुमची शस्त्रे जातात, हाती येते ती तीर मारणारी आडवी धनुष्यबंदूक, आणि जंगलात भेटतात ती युद्धाच्या वेळी एका शिबिरात अडकलेली आणि मोठ्या माणसांविना वाढलेली मुले. ती आता तिशीतली आहेत, पण त्यांचे नियम, गट आणि भांडणे अजून शाळेतल्यासारखी आहेत. त्यांच्यातल्या एकालाही न मारता तो संपूर्ण प्रदेश ओलांडता येतो. दुसऱ्या वेळी मी तसाच ओलांडला, आणि त्या शांत, पानगळीच्या दरीतील तो दिवस मला संपूर्ण गेममधला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

नोव्होसिबिर्स्क या शेवटच्या शहराबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण ते जितके कमी माहीत असेल तितके चांगले. सायबेरियात भुयारी रेल्वे चालते ती याच शहरात, आणि गेम तिचाच उपयोग करून आपल्याला पुन्हा भुयारात उतरवतो. मोकळ्या आकाशाखाली इतके दिवस काढल्यावर त्या बोगद्यात पहिले पाऊल टाकताना छाती दडपते. किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र सतत कडकडत असते. हा टप्पा हेडफोन लावून, रात्री, एकट्याने खेळावा.

उणिवाही आहेत आणि त्या सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. आर्त्योमचे मौन ही त्यातली पहिली. दोन टप्प्यांमध्ये तो दैनंदिनीतून सविस्तर बोलतो, त्याचा आवाज आपल्याला माहीत आहे. मग पत्नी समोर बसून प्रश्न विचारते आणि तो गप्प राहतो, हे अनेकदा खटकते. दुसरी अधिक गंभीर: आना सुरुवातीला अचूक नेमबाज म्हणून समोर येते, पण कथा पुढे सरकते तशी ती आजारी पत्नी एवढीच उरते. तिच्या आजाराने कथेला गती मिळते हे मान्य, पण तिच्या हातची बंदूक इतक्या लवकर काढून घेण्याची गरज नव्हती. शत्रूंची समज कमी आहे. शेजारचा दिवा विझला तरी पहारेकरी फार तर एकदा वळून पाहतो. गाडीत दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही शब्द निसटतात, आणि तुम्ही दोन पावले सरकलात तर बोलणारा मध्येच थांबतो. आपोआप होणारी नोंद आणि एक झटपट नोंद याशिवाय गेम साठवण्याची सोय नाही. आमच्याकडे पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडली की वीज जाते. एका रात्री माझा चाळीस मिनिटांचा खेळ असाच गेला. संगणकावर खेळणार असाल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस असणे बरे.

भाषेविषयी एक आग्रहाची सूचना. आवाज रशियन ठेवावा आणि सबटायटल्स इंग्रजी. इंग्रजी आवाजात सगळी पात्रे रशियन ढंगाचे इंग्रजी बोलतात आणि त्यातला जिव्हाळा बराच उणावतो. रशियन आवाजात कर्नल मिलर यांचा राग आणि येरमाकचे प्रेम भाषा न कळताही पोहोचते. सबटायटल्स वाचता वाचता लढाईत लक्ष ठेवणे पहिला तासभर जड जाते, नंतर सवय होते.

मी साधी आवृत्ती खेळलो. मे २०२१ मध्ये संगणकासाठी सुधारित आवृत्ती आली आहे. तिच्यात उजेड प्रत्येक खिडकीतून, प्रत्येक ज्योतीतून खऱ्यासारखा पसरतो, परंतु त्यासाठी रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड दाखवण्याचे तंत्र) करू शकणारे ग्राफिक्स कार्ड असावेच लागते. साध्या आवृत्तीलाही सुमारे ६० गीगाबाइट जागा लागते. सवलतीच्या दिवसांत हा गेम मूळ किमतीच्या फार थोड्या भागात मिळतो, आणि त्या किमतीला तो घ्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. घरात लहान मुले असतील तर मात्र ती झोपल्यावरच सुरू करावा. हा प्रौढांसाठीचा गेम आहे, त्यात गुलामी, नरभक्षण आणि मृत्यू हे सगळे उघडपणे येते, आणि त्याला दिलेले १८ वर्षांचे बंधन योग्यच आहे.

मूळ कथा संपल्यावर खेळण्यासाठी दोन जोडकथा आहेत. २०१९ सालची पहिली नोव्होसिबिर्स्कचा पूर्वेतिहास सांगते. ती दोनेक तासांची, बंदिस्त आणि फार उदास आहे, आणि मूळ गेमनंतर लगेच खेळली तर तिचा परिणाम अधिक होतो. २०२० सालच्या दुसऱ्या कथेत सॅम ‘अरोरा’ सोडून एकटाच व्लादिव्होस्तोक बंदरात पोहोचतो आणि समुद्रापलीकडच्या आपल्या घरी नेणारी पाणबुडी शोधतो. ती मी मुद्दाम राखून ठेवली आहे. दादाला ते बंदर पाहायचे आहे, म्हणून येत्या रविवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघे ती एकत्र सुरू करणार आहोत.